साक्षीत राहून गेलेले पाच महिने

तुम्ही टीबीच्या गोळ्या घेत असाल तर आधी आजच्या गोळ्या घ्या. मग हे वाचा. मी सांगायला बसलो की लांबतं, आणि तेवढ्यात तुमची वेळ टळायला नको.

माझं नाव शमुवेल. दौंडला रेल्वेत सिग्नल फिटर होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आमच्या चर्चच्या मंडळीत मला सगळे आप्पा म्हणतात. चाळीसहून जास्त वर्षं मी आमच्या उपासनेत पेटी वाजवली आणि गायन पुढं चालवलं. माझ्या डाव्या हाताला तबल्यावर याकोब असायचा. तो भांडगावचा, हायवेलगत त्याचं शिवणकामाचं दुकान आहे. दर रविवारी एसटीनं यायचा.

प्रभूनं आपल्यासाठी काय केलं हे आमच्याकडे उपासनेत उभं राहून सांगायची रीत आहे. त्याला साक्ष म्हणतात. आजारातून उठल्यावर मीही एक साक्ष दिली. ती कुणीतरी मोबाइलवर घेतली आणि ती अजून फिरते आहे. परवा बारामतीच्या एका बाईंनी फोन करून माझे आभार मानले. म्हणून लिहायला बसलो. ती साक्ष अर्धी आहे.

खोकला

नाताळच्या गीतांची तालीम सुरू होती तेव्हा खोकला लागला. नाताळ झाला की दाखवू म्हटलं. मग घरोघरी प्रार्थनासभा लागल्या. तीन महिने मी खोकल्याची औषधं बदलत राहिलो, डॉक्टरकडे मात्र गेलो नाही. थंडीमुळे तालमीच्या खोलीच्या खिडक्या बंद असायच्या. याकोब माझ्यापासून हातभर अंतरावर बसायचा. मी खोकलो की तो ठेका धरून ठेवायचा आणि माझा खोकला थांबल्यावर बरोबर समेवर आणून सोडायचा. लोकांना वाटायचं, मुद्दाम बसवलंय.

सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल झाली, ते आधी याकोबनंच पाहिलं. शिंपी ना तो.

"आप्पा, कॉलर मोठी झाली का मान बारीक झाली?"

"तुझी नजर बारीक झालीय," मी म्हणालो.

शिरूर

माझी मुलगी एस्तेर शिरूरला शिक्षिका आहे. ती सुट्टीला आली, माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी न्हावऱ्यामार्गे जाणाऱ्या एसटीत बसवून मला शिरूरला घेऊन गेली. छातीचा फोटो झाला. सकाळी प्लास्टिकच्या छोट्या डबीत बेडका द्यायचा होता. एस्तेर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला लाज वाटू नये म्हणून.

डॉक्टर वयानं लहान होते. कागदावर लिहिता लिहिताच म्हणाले, "टीबी आहे. बरा होतो. सहा महिने गोळ्या, एकही दिवस चुकवायचा नाही."

मी एवढंच विचारलं, "दौंडला कळेल का?"

त्यांनी मान वर केली. "दौंडला कशाला कळेल? गोळ्या काय दौंडनं घ्यायच्यात?"

मग त्यांनी विचारलं, तुमच्या जवळ कोण कोण असतं, त्यांची तपासणी करावी लागेल. मी बायकोचं नाव सांगितलं, एस्तेरचं सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "अजून कुणी? तासन् तास शेजारी बसणारं?"

मी नाही म्हणालो.

याकोबचं नाव सांगितलं असतं तर त्याला बोलावणं गेलं असतं, आणि पुढच्या रविवारी सगळ्या मंडळीला कळलं असतं की आप्पाला टीबी आहे. पेटीवर बसणाऱ्या माणसाला टीबी. म्हणून मी नाही म्हणालो. ही गोष्ट मी बरेच महिने कुणालाच सांगितली नव्हती. आता तुम्हालाही सांगतोय.

आम्ही दोघं नवरा-बायको एस्तेरकडेच राहिलो. दौंडला सांगितलं, गुडघ्याचं दुखणं आहे. याकोबचा फोन यायचा. "आप्पा, कवा येताय? तबला वाळाय लागलाय." मी म्हणायचो, गुडघा अजून वाकत नाही.

वॉर्ड

गोळ्या सुरू झाल्या आणि लघवी लाल-केशरी झाली. घाबरू नका, ती त्या गोळीची खूण असते. मळमळ मात्र भयंकर. पाच आठवड्यांनी डोळे पिवळे झाले. गोळ्या यकृताला बाधल्या होत्या. डॉक्टरांनी भरती करून घेतलं आणि सगळ्या गोळ्या बंद केल्या. यकृत सावरलं की एकेक करून परत सुरू करू, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. हे वाक्य मला तेव्हाही नीट कळलं होतं.

बारा दिवस गोळ्या बंद होत्या. कुशीवर वळायलासुद्धा दुसऱ्याचा हात लागायचा. सकाळी फिनेलचा वास, मग ताप मोजणं, मग सलाईन, मग काहीच नाही. शेजारच्या खाटेवर न्हावऱ्याचे एक कांदावाले शेतकरी होते. त्यांच्या घरून रोज उसाचा रस यायचा, त्यातला अर्धा पेला ते मला द्यायला लावायचे. "प्या आप्पा. आमच्यातलं चालतं ना तुमाला?" असं विचारून स्वतःच हसायचे.

सुरुवातीचे दिवस मी फक्त मागत होतो. मला बरं कर. मागून दमलो की भांडत होतो. चाळीस वर्षं तुझी गीतं गायली त्याचं हे काय? मग भांडायचंही त्राण राहिलं नाही.

माझी बायको रत्ना खाली सतरंजीवर बसलेली असायची. तिला सूर नाही. लग्न झालं तेव्हापासून नाही. उपासनेत ती गायला लागली की माझा अख्खा समूह खाली उतरायचा. एकदा सगळ्यांसमोर मी तिला म्हणालो होतो, "रत्ना, तू नुसते ओठ हलव." लोक हसले. तीही हसली. तेव्हापासून तीस-बत्तीस वर्षं ती उपासनेत नुसते ओठ हलवत आली.

एका दुपारी ती ओल्या फडक्यानं माझे पाय पुसत होती आणि उपकाराचं एक जुनं गीत म्हणत होती. बेसूर. मास्क लावूनही बेसूरच. ते गीत मी हजारदा तरी वाजवलं असेल. तिला गप्प करायचं तर श्वास हवा होता, तो माझ्याकडे नव्हता. म्हणून ऐकत पडलो. चाल बिघडलेली असल्यामुळे असेल कदाचित, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यातले शब्द ऐकू आले. त्यात मागणी एकही नव्हती. तू चांगला आहेस, एवढंच सगळ्या कडव्यांत होतं. ती हे माझे पिवळे पाय पुसता पुसता म्हणत होती.

मी नुसते ओठ हलवले.

त्यानंतरचं सांगणं अवघड आहे. काही घडलं नाही. ताप उतरला नाही, उलटी त्या संध्याकाळीही झालीच. पण मला माणसं दिसू लागली. रत्ना दोन दिवस त्याच साडीत होती, ते दिसलं. ती माझ्याजवळ न बसता जिन्यात उभ्यानं भाकरी खायची, ते कळलं. फरशी पुसणारी बाई माझ्या खाटेखालची चप्पल रोज उचलून, पुसून, पुन्हा जोडीनं ठेवते, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. रोज दुपारी रत्ना म्हणायची आणि मी ओठ हलवायचो. भीती होती तिथंच होती. पण पूर्वी मी फक्त भीतीकडे पाहत पडून असायचो, आता बाकीचंही दिसत होतं.

बाराव्या दिवसानंतर गोळ्या परत सुरू झाल्या. आधी एक, मग दुसरी, मग सगळ्या. मी त्या पुढं पाच महिने घेतल्या, एस्तेरच्या समोर, रोज सकाळी. शेवटच्या तपासणीत थुंकीत जंतू नव्हते.

साक्ष

दौंडला परतलो तो उपकारस्तुतीचा रविवार होता. माझ्या जागेवर कीबोर्ड होता आणि दोन तरुण पोरं गिटार घेऊन उभी होती. छान गात होती. माझी पेटी खोळ घालून कपाटाशेजारी ठेवली होती. याकोबही बाकावर बसला होता, तबल्याशिवाय. बारीक झाला होता. वय झालं, असं मला वाटलं.

पाळकसाहेब म्हणाले, "आप्पा, दोन शब्द बोला."

मी उभा राहिलो आणि म्हणालो, मला टीबी झाला होता. मी म्हणालो, गोळ्यांनी मला कावीळ झाली, डॉक्टरांना गोळ्या बंद कराव्या लागल्या. मी म्हणालो, मरणाच्या दारात मी मागणं सोडलं आणि स्तुती करायला लागलो. मी म्हणालो, आज माझ्या थुंकीत एक जंतू नाही. प्रभूची स्तुती असो.

टाळ्या थांबेनात. कुणी रडत होतं. गिटारवाला पोरगा माझ्याकडे बघत राहिला होता.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त एक वाक्य राहिलं होतं, पाच महिन्यांचं. ते विसरलो नव्हतो. बोलताना ते तोंडाशी आलं होतं, पण समोरचे चेहरे बघितले आणि कळलं की गोळ्यांवाचून नुसत्या स्तुतीनं बरा झालो असं लोकांना ऐकू गेलंय, आणि ते जास्त मोठं आहे. पाय पुसणाऱ्या बायकोचं बेसूर गाणं आणि जोडीनं ठेवलेली चप्पल, यांवर कुणी टाळ्या वाजवल्या नसत्या. मला माझी जागा परत हवी होती. रत्नाचं नावसुद्धा मी घेतलं नाही.

उपासना सुटल्यावर याकोब दाराशी थांबला होता.

"आप्पा, गोळ्या बंद व्हत्या तवा भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की. पण स्तुती सोडली नाही."

"आन् मळमळ?"

"पार थांबली."

मग त्यानं नेहमीसारखा सलाम केला आणि एसटी गाठायला गेला. हे सगळं तो कशाला विचारतोय, एवढंसुद्धा मी विचारलं नाही.

घरी येताना रत्ना एकदाच म्हणाली, "पुढचं सांगायचं राहिलं तुमचं."

"कळतं लोकांना," मी म्हणालो.

मार्था

चारेक महिन्यांनी एका सकाळी याकोबची बायको मार्था दौंडला आमच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही. पिशवीतून तिनं एकेक करून गोळ्यांची पाकिटं काढली आणि उंबऱ्यावर ठेवली. भरलेली होती सगळी.

"शिलाई मशीनच्या खणात घावली," ती म्हणाली. "बाबिनीखाली. मी रोज इचारायचे, घेतल्या का. घेतल्या म्हणायचा."

मला काही समजेना. मग समजलं.

"याकोबाला कधीपासून..."

"तुमी बोलायच्या आधी दोन महिनं. कुनाला सांगू नगं म्हनला. लय वकायचा गोळ्या खाऊन. त्या रविवारी घरी आला आन् म्हनला, मार्थे, आप्पाच्याबी बंद केल्या व्हत्या. आप्पा, तुमच्या किती दिस बंद व्हत्या?"

"बारा दिवस."

"आन् फुडं?"

"परत सुरू केल्या," मी म्हणालो.

"फुडं किती घेतल्या, आप्पा?"

"पाच महिने."

ती खाली उंबऱ्यावरच्या पाकिटांकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "काल रगत पडलं त्याच्या तोंडातनं," ती म्हणाली. "पुण्याला नेलाय. आता साध्या गोळ्यांचं काम न्हाई म्हनत्यात."

रत्नानं पाणी आणलं, ते तिनं घेतलं नाही. पाकिटं पिशवीत भरली आणि निघून गेली.

त्या आठवड्यात मी प्रार्थनेला बसायचो आणि शब्द यायचे नाहीत. बरं कर म्हणायला तोंड नव्हतं. स्तुती करायला तर त्याहून नव्हतं. हात मांडीवर ठेवून बसून राहायचो, तेवढंच.

ओटा

याकोब पुण्याहून घरी आला तसा मी भांडगावला गेलो. मार्थानं माझी खुर्ची ओट्याच्या या टोकाला ठेवली, याकोबची त्या टोकाला. मधे शिलाई मशीन. हायवेवरून ट्रक जात होते, त्यामुळे मला मोठ्यानं बोलावं लागलं, आणि जे कुजबुजत सांगायचं ते मी ओरडून सांगितलं. पाच महिन्यांचं. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्याचं नाव घेतलं नाही, तेही.

याकोब बराच वेळ मशीनच्या चाकावर बोट फिरवत होता. सहा महिन्यांत त्याचा हात त्याच्याच बाहीत हरवावा एवढा बारीक झाला होता.

"तुमची लय कायम धावतीच, आप्पा," तो शेवटी म्हणाला. "आन् मी मागनं सांभाळत येतू. आता रोगातबी तसंच झालं."

"मला माफ कर असं म्हणायला..."

"म्हनू नका मग." तो खोकला. आता ठेका धरून ठेवायला कुणी नव्हतं. "येक सांगतू. मला गोळ्या सोडायच्याच व्हत्या. लय तरास व्हायचा. तुमी बोलला नसता तर दुसरं काय तरी घावलं असतं."

"कदाचित सापडलं नसतं."

"न्हाई," तो म्हणाला. "कदाचित न्हाई."

डॉक्टर सांगत नाहीत की रोग कुणाकडून कुणाला गेला. मी विचारलं होतं. त्या बंद खिडक्या मात्र मला रोज आठवतात.

दुसऱ्यांदा

मी पाळकसाहेबांना म्हणालो, मला पुन्हा उभं राहायचंय. त्यांनी हातातलं बायबल मिटलं. मग म्हणाले, "आप्पा, त्या साक्षीवरून दोन कुटुंबं उपासनेला यायला लागलीत." मी म्हणालो, त्यांच्यासाठीच. रविवारी माझं नाव त्यांनीच पुकारलं.

मी सगळं सांगितलं. गोळ्या, पाच महिने, याकोब, रत्ना. टाळ्या वाजल्या नाहीत. एक माणूस मधेच उठून गेला. मोबाइल कुणी वर धरला नाही, म्हणून ही साक्ष फिरत नाही, पहिलीच फिरते. मागच्या बाकावरून एक म्हातारी तेवढी म्हणाली, "म्हंजी स्तुतीचा उपेग न्हाई का, आप्पा?"

तिला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आता देतो. स्तुतीनं माझा टीबी गेला नाही, गोळ्यांनी गेला. त्या गोळ्याही मला त्याच्याच हातून मिळाल्या असं मी मानतो. वॉर्डातल्या त्या दुपारी मात्र माझी नजर वळली, तेही खरं आहे. मी एक गाळून दुसरं फुगवलं आणि दोन्ही नासवलं. आजारात असाल तर स्तुती करा. बरं होण्यासाठी म्हणून करू नका. नुसती करा. सूर नसला तरी चालेल. श्वास नसला तर ओठ हलवा. आणि आपल्याला काय झालंय ते शेजारच्या माणसाला सांगा.

गेल्या शुक्रवारी

आता मी आणि रत्ना दर शुक्रवारी भांडगावला जातो. मार्था आम्हाला चहा देत नाही. खुर्च्या मात्र मांडून ठेवते.

गेल्या शुक्रवारी गेलो तेव्हा याकोबचा नवा रिपोर्ट आला होता. इतके महिने मोठं औषध घेऊनही जंतू आहेतच. औषध अजून लांबणार. पुढं काय, ते डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत. मार्थानं तो कागद माझ्या हातात दिला आणि आत गेली. मी तो दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचून त्यात काही वेगळं निघणार नव्हतं. मी काही करू शकत नव्हतो. बसलो.

थोड्या वेळानं याकोब म्हणाला, "पेटी आणलीया का?"

"आणलीय. पण आज..."

"आज न्हाई तर कवा? काढा."

मी खोळ काढली. त्यानं दोन्ही हात मशीनच्या फळीवर ठेवले. तबला त्याला आता उचलत नाही. बोटांनी दोनदा ठोकून पाहिलं. रत्नानं घसा खाकरला. तिला कुठलं गीत हवंय ते मला ठाऊक होतं, आणि ती ते कुठल्या पट्टीत धरेल हे देवालाही ठाऊक नव्हतं. तिच्या सुरामागं पेटी कशी न्यायची ते मी आता शिकतोय.

मी भाता ओढला, तेवढ्यात आतून मार्थाचा आवाज आला.

"आधी गोळ्या."

याकोबनं हात मागं घेतले. ती पाणी आणि गोळ्या घेऊन बाहेर आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. तो एकेक गिळत होता, तोंड वाकडं करत. शेवटची गेल्यावर त्यानं तोंड उघडून तिला दाखवलं. तिनं पाहिलं. मग ती माझ्याकडे वळली.

"हां," ती म्हणाली. "आता म्हना."